नाल्याकाठचा वाळा

गवत लावायचं असतं हे काटेकोरांना पन्नाशी उलटून गेली तरी माहीत नव्हतं. गवत आपलं आपण उगवतं आणि माणसं ते उपटतात, यापलीकडे गवताचा आणि माणसाचा काही संबंध नसतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे गवत लावलं म्हणून ज्यांचा जाहीर सत्कार झाला आणि तेच गवत उपटलं म्हणून ज्यांची जाहीर शोभा झाली, ते गृहस्थ आपणच, हे त्यांना पुढे बरेच दिवस खरं वाटत नव्हतं.

काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. दुकानोदुकानी फिरून तराजू तपासायचे, काटा मधोमध आला तर शिक्का मारायचा, नाही आला तर दुकानदाराच्या गयावया न ऐकता तराजू उचलायचा, हे काम त्यांनी उभी हयात केलं होतं. इमारतीतल्या कुणीतरी त्यांना हे नाव ठेवलं आणि ते इतकं घट्ट बसलं की दारावरची पाटी कुणी वाचेनासं झालं. नाकासमोर चालणारा माणूस. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबायचे, आणि तेसुद्धा पायी जात असताना.

पण ही गोष्ट त्यांच्या नाकाची नाही, त्यांच्या बायकोच्या नाकाची आहे. तिला अख्खी इमारत काकू म्हणायची, तेव्हा आपणही काकूच म्हणू.

काकूंचं नाक ही एक चीज होती. संध्याकाळी काटेकोर घरी आले, शर्ट काढला, की काकू तो हातात घ्यायच्या, नाकाशी न्यायच्या आणि निकाल द्यायच्या. "आज तेलाची दुकानं." कधी, "लाकडाची वखार." कधी, "मासळीबाजार, आणि येताना त्या कोपऱ्यावरच्या टपरीवर भजी खाल्लीत. खोटं बोलू नका." जन्मभर दुसऱ्यांची मापं काढणाऱ्या माणसाचं माप घरी रोज असं निघायचं. काटेकोरांना ते मनापासून आवडायचं. अर्थात हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

मग काकूंना एक साधा ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. हे कळलं ते दूध करपलं तेव्हा. काकू ओट्यापाशीच उभ्या राहून भाजी निवडत होत्या, मागे पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, आणि धुरातून धावत आले ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे काटेकोर. काकूंनी पातेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, वास परत येतो. पण नाकाला पुन्हा धडे द्यावे लागतात. रोज ओळखीचे वास हुंगा, लक्ष देऊन हुंगा. काकूंनी लिंबू हुंगलं, लवंग हुंगली, साबणाची वडी हुंगली. मुलाचा अभ्यास घ्यावा तसे काटेकोर समोर बसून एकेक वस्तू पुढे करायचे आणि विचारायचे, "काही?" काकू मान हलवायच्या. नाही.

"जेवण म्हणजे नुसतं चावणं झालंय हो," त्या एकदा म्हणाल्या. "आणि कुणाला सांगू नका. डोळे गेले तर लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. नाक गेलं म्हटलं तर हसतील."

काटेकोरांनी कुणाला सांगितलं नाही. काकू शेजारणीच्या घरी गेल्या की अंदाजाने म्हणायच्या, "अगंबाई, काय छान वास सुटलाय." एकदा शेजारीण फिनेलने फरशी पुसत होती. पण एका संध्याकाळी काकूंनी नवऱ्याचा शर्ट घेतला आणि न हुंगता बादलीत टाकला, तेव्हा काटेकोरांना आपल्या घरातलं माणूस कुठेतरी लांब चाललंय असं वाटलं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

वाळ्याचं नाव निघालं ते काकूंच्या धाकट्या भावासमोर. हा मेहुणा विमा विकायचा, आणि विमा सोडून बाकी सगळ्या विषयांत तज्ज्ञ होता. ताईचं दुखणं काटेकोरांखेरीज त्या एकट्याला माहीत होतं. तो म्हणाला, "ताई, असा एक वास सांग जो तू मेलीस तरी विसरणार नाहीस." मेहुण्याला बोलायची पोच नव्हती, पण प्रश्न बरोबर होता.

काकू म्हणाल्या, "बाबांची ट्रंक."

काकूंच्या वडिलांची बदलीची नोकरी. दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवं घर, परक्या भिंती. सामानाची गाडी आली की पहिली उघडायची ती त्यांची लोखंडी ट्रंक, आणि तिच्यात कपड्यांच्या मध्ये ठेवलेली वाळ्याची जुडी. झाकण उघडलं की खोलीभर तो गार, ओल्या मातीसारखा वास. मग ते घर आपलं व्हायचं. सांगताना काकूंनी डोळे मिटले होते. काटेकोरांनी मनात गाठ मारली की वाळा आणायचा.

बाजारातून त्यांनी जुड्या आणल्या. एकीला दुकानातल्या साबणाचा वास, दुसरीला उंदराचा, तिसरीवर चक्क अत्तर शिंपडलेलं. काटेकोरांनी त्या दुकानदाराला भेसळीवर एक छोटंसं व्याख्यान दिलं आणि जाता जाता त्याचा तराजू तपासला.

"भावोजी, घरीच लावा की," मेहुणा म्हणाला. "गवतच आहे ते. दगडावरसुद्धा येतं."

रोपवाटिकेतून ठोंब आले. बाल्कनीत कुंड्या मांडल्या गेल्या. पाती तरारली, कमरेएवढी झाली, आणि काटेकोर रोज सकाळी पात्यात नाक खुपसून हुंगायचे. कसलाही वास नव्हता. त्यांनी मेहुण्याला फोन करून माल खोटा निघाल्याचं कळवलं.

"भावोजी, वास मुळांना असतो. मुळं तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं."

"हे आधी सांगायचं."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या एक बाई राहायच्या. त्या गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "काका, झाडांशी बोलावं लागतं." काटेकोरांना माणसांशी बोलायचंही जड जाई. तरी एका सकाळी, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, ते कुंडीपाशी वाकले आणि म्हणाले, "कसं काय?" वरून बाईंची शिकवणीची सगळी पोरं खाली बघत होती. ती पुढे बरेच दिवस काटेकोर जिन्यात दिसले की एकमेकांना "कसं काय?" विचारायची.

वाळ्याची मुळं सरळ खाली जातात. बाल्कनीतल्या कुंडीत ती किती खाली जाणार, हा विचार मेहुण्याने केला नव्हता आणि काटेकोरांना सुचला नव्हता. एका दुपारी कठड्यावरची कुंडी उभी फुटली आणि अर्धी कुंडी, माती, पाणी असा सगळा ऐवज तळमजल्यावर राहणाऱ्या चेअरमनांच्या स्कूटरवर पडला. चेअरमनांनी ती नुकतीच धुतली होती. धुतली नसती तर कुंडी पडली नसती, असं चेअरमनांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली : बाल्कनीत रानगवत पाळण्यास मनाई आहे. 'पाळण्यास' हा शब्द काटेकोरांना झोंबला. पण नियम तो नियम, त्यांनी कुंड्या उतरवल्या. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या हो. एवढा जिवाचा आटापिटा कशाला?" त्या हसत म्हणाल्या, पण मग खिडकीशी जाऊन उगाचच बराच वेळ उभ्या राहिल्या. ते पाहिल्यावर वाळा टाकून देणं काटेकोरांना शक्य नव्हतं.

इमारतीच्या मागे कुंपणाची भिंत होती, भिंतीपलीकडे जमिनीची चिंचोळी पट्टी आणि पट्टीच्या खाली नाला. पट्टी कुणाची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नाला मात्र वासाने सगळ्यांच्या घरी यायचा. मागच्या खिडक्या कुणी उघडत नसे. फक्त काकू त्या हल्ली सताड उघडत आणि म्हणत, "या खोलीत किती छान वारा येतो, नाही?" आणि काटेकोर नाकाला रुमाल लावून म्हणत, "हो, फार छान."

तर त्या पट्टीवर काटेकोरांनी वाळा लावला. लावण्याआधी त्यांनी ही जमीन कुणाची म्हणून तीन कचेऱ्यांत विचारणा केली. तिघांनीही ती आपली नसल्याचं मोठ्या आनंदाने सांगितलं. नाल्याचं पाणी आयतं होतं, माती काळीभोर होती, आणि वाळा असा माजला की पाहत राहावं. हे पाणी कसलं आहे आणि ते मुळांतून कुठे जातं, असा प्रश्न एखाद्याला पडला असता. काटेकोरांना पडला नाही. वाळ्याला वाळ्याचा वास येतो, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

शेजारपाजारच्यांना मात्र शंकाच शंका होत्या. कुणी म्हणालं साप येतील. कुणी म्हणालं डास होतील. शिकवणीच्या बाई म्हणाल्या पोरं तिथे सिगारेट ओढायला जातील. चेअरमनांनी एका सकाळी वॉचमनकडून सगळं गवत बुंध्यापाशी कापून घेतलं आणि 'स्वच्छता' असं म्हणाले. काटेकोर कचेरीतून आले, पाहिलं, आणि भिंतीला धरून उभे राहिले. ते रागावले नाहीत, त्यांना रडू आलं. महिन्याभरात वाळा दुप्पट दाट फुटून आला; कापलं की तो जास्तच जोम धरतो, हे चेअरमनांना माहीत नव्हतं. त्यांनी आणखी दोनदा कापून घेतला. वाळ्याची इतकी निगा काटेकोरांनीही राखली नसती.

मग तो पाऊस झाला. नाला फुगून कुंपणाला लागला. पलीकडच्या काठावरच्या इमारतीची भिंत तिच्या शेजारी लावलेल्या गाडीसकट नाल्यात गेली. खालच्या अंगाला दोन ठिकाणी काठ कोसळला. आणि इकडे, काटेकोरांच्या पट्टीवर, मातीचं ढेकूळसुद्धा हललं नाही. मुळांनी काठ घट्ट आवळून धरला होता.

पाणी ओसरलं तसे उद्यान खात्याचे साहेब आले. त्यांनी काठ पाहिला, गवत पाहिलं, फोटो काढले. चेअरमन पुढे होऊन म्हणाले, "आमच्या सोसायटीचा हा उपक्रम आहे. मी स्वतः वेळोवेळी छाटणी करून घेतो." मागे उभ्या असलेल्या काटेकोरांना तेव्हा जे वाटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी सत्कार काटेकोरांचाच झाला, कारण शिकवणीच्या बाईंनी साहेबांना खरं काय ते सांगितलं. फुलांचा गुच्छ मिळाला. साहेबांनी भाषण केलं. काटेकोरांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते उठले, "मला मुळं हवी होती," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या मुळांशी नातं जपण्याबद्दल काका किती थोडक्यात बोलले, असं बाई म्हणाल्या.

आठवड्याभरात पट्टीभोवती लोखंडी कठडा आला आणि त्यावर पाटी : संरक्षित गवत. उपटणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.

मुळं तयार झाली होती. काटेकोरांनी रीतसर उद्यान खात्याची पायरी चढली.

"फक्त एक ठोंब," ते म्हणाले. "मीच लावलंय ते."

"लावलंत ना? मग लागवडीच्या परवानगीची प्रत जोडा. तिच्याशिवाय उपटण्याची परवानगी देता येत नाही," साहेब आपुलकीने म्हणाले.

"लावायला परवानगी घेतली नव्हती. जमीन तुमची नाही असं तुम्हीच सांगितलं होतं."

"तेव्हा नव्हती. कठडा घातल्यापासून आहे." साहेबांनी पेन उघडलं. "बरं, कारण काय लिहू? कशासाठी हवंय?"

कारण साधं होतं, एका वाक्यात सांगता आलं असतं. पण टेबलाभोवती चार माणसं होती, त्यातले एक चेअरमनांचे साडू होते, आणि 'कुणाला सांगू नका' हे शब्द त्यांच्या कानात होते.

"खासगी," ते म्हणाले.

"खासगी कारणासाठी सार्वजनिक गवत कसं देणार?" साहेबांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. काटेकोर स्वतः त्या खुर्चीत असते तर त्यांनीही हाच विचारला असता, आणि याच गोष्टीने ते घरी जाईपर्यंत खजील होते.

घरी काकू जेवत होत्या. आमटीला करपलेल्या फोडणीचा वास येत होता. त्या शांतपणे खात होत्या आणि काटेकोरांनीही शांतपणे खाल्लं. हात धुताना त्यांनी ठरवलं.

रविवारची दुपार निवडली, कारण त्या वेळी इमारत घोरत असते. हातात खुरपं, खांद्याला कचेरीची जुनी पिशवी. आयुष्यात प्रथमच ते 'मनाई' असं लिहिलेल्या पाटीपलीकडे पाय टाकत होते. कठड्यावर चढताना पँट टरकली. ती खूण समजून ते परत फिरले असते, पण दुसरा पाय आधीच पलीकडे गेला होता.

वाळा उपटणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ज्या मुळांनी अख्खा नाला अडवला, ती एका सरकारी नोकराला काय दाद देणार? काटेकोरांनी खणलं, ओढलं, पुन्हा खणलं. शेवटी त्यांनी ठोंब दोन्ही हातांनी मिठीत घेतला, पाय रोवले आणि सगळा जीव लावून हिसडा दिला. ठोंब निघाला. काटेकोरही निघाले. दोघं हातात हात घालून उतारावरून घसरले आणि कमरेएवढ्या नाल्यात उभे राहिले.

आवाजाने पहिली उघडली ती चेअरमनांची खिडकी. "कोण आहे रे तिकडे?" मग वॉचमनची शिट्टी. मग एकामागून एक, वर्षानुवर्षं न उघडलेल्या सगळ्या मागच्या खिडक्या उघडल्या. पाटीच्या बरोबर खाली, छातीशी गवत कवटाळून, काळ्या पाण्यात उभे असलेले काटेकोर सगळ्यांना नीट दिसले.

"काटेकोर, तुम्ही?" चेअरमन म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि समाधान जास्त होतं. "जगाची मापं काढणारे तुम्ही. अहो, कशासाठी हा चोरटेपणा?"

काटेकोर म्हणाले, "मला हवं होतं."

"पण कशाला?"

"हवं होतं."

वॉचमनने हात देऊन त्यांना वर ओढलं. जिना चढताना पुढे ते, अंगावरून काळं पाणी निथळतंय, मागे नाकाला पदर लावून शिकवणीच्या बाई, आणि सगळ्यांत मागे, बरंच अंतर ठेवून, चेअरमन. सकाळपर्यंत ही बातमी कचेरीत पोचणार, दुकानदारांपर्यंत पोचणार, आणि उद्या कुठल्या तोंडाने कुणाचा तराजू उचलायचा, हे सगळं काटेकोरांना दिसत होतं. आणि जिन्याच्या वळणावर त्यांना त्याहून वाईट गोष्ट कळली. त्यांनी मुळांत नाक खुपसून हुंगलं. वाळ्याचा मागमूस नव्हता. मुळांना नाल्याचा वास येत होता, नुसता नाल्याचा, मुरलेला, दीड वर्षाचा. ज्याच्यासाठी एवढं नाक कापून घेतलं, ते हातात असं निघालं होतं.

आता मागे फिरायलाही वाट नव्हती. काकूंनी दार उघडलं.

काटेकोरांनी ठोंब पुढे केला. "तुझ्यासाठी आणला होता," ते कसेबसे म्हणाले. "पण माफ कर. फसला."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, ठोंबाकडे पाहिलं. मग त्यांनी एकदम नाकाला पदर लावला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"शी! अहो, काय हा घाणेरडा वास. आज काय गटाराचे तराजू तपासलेत की काय?"

म्हणून झालं आणि त्या थांबल्या. पदर हळूहळू खाली आला. काकू पुढे आल्या, त्यांनी तो चिखलाने भरलेला ठोंब दोन्ही हातांनी धरला, नाकाशी नेला आणि दीर्घ श्वास घेतला. शिकवणीच्या बाईंनी तोंड फिरवलं.

"येतोय," काकू म्हणाल्या. "अहो, येतोय. केवढा घाण येतोय."

आणि त्या रडायला लागल्या. काटेकोरही रडायला लागले. दारात उभे राहून दोघं पाळीपाळीने त्या ठोंबाचा वास घेत होते, "आहे ना?" "आहे, आहे," असं एकमेकांना सांगत होते आणि रडता रडता हसत होते. चेअरमनांना काही समजेना. ते म्हणाले, "नाल्याचाच वास आहे तो. कायमच येतो."

"कायम?" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळे यात राहता?"

मग त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, तापापासून. कुणी हसलं नाही. शिकवणीच्या बाईंनी त्यांचा हात धरला. चेअरमन बराच वेळ जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवत राहिले आणि खाली गेले. संध्याकाळी वॉचमनला घेऊन त्यांनी उपटलेल्या जागी दुसरा ठोंब फोडून लावला, माती दाबली आणि उद्यान खात्याला कळवायचं काही कारण नाही असं जाहीर केलं. छाटणीची जबाबदारी त्यांनी आपल्याकडेच ठेवली.

काटेकोरांना त्या दिवशी बाथरूममधून बाहेर यायची परवानगी मिळाली ती तिसऱ्या अंघोळीनंतर. दर वेळी काकू दारातून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "अजून." इतक्या आनंदाने त्यांनी आयुष्यात कधी कुणाचा हुकूम मानला नव्हता.

मुळांनाही तशाच अंघोळी घातल्या. रोज नवं पाणी, रोज नवी बादली. मग सावलीत दोरीवर वाळवली. काकू येता-जाता हुंगायच्या आणि सांगायच्या, "नाला कमी झालाय, पण वाळा काही कळत नाही." शेवटी त्यांनी मुळांची जुडी बांधली आणि कपाटात, नवऱ्याच्या घडी केलेल्या शर्टांमध्ये, ठेवून दिली. असू दे तिथे, म्हणाल्या.

कचेरीत व्हायची ती थट्टा झाली आणि संपली. दुकानदार तराजू लपवताना "कसं काय?" विचारत, ते काटेकोरांनी मनावर घेतलं नाही. एका संध्याकाळी ते घरी आले, शर्ट काढला आणि सवयीने बादलीकडे निघाले. काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला. नाकाशी नेला.

"तेलाची दुकानं," काकू म्हणाल्या.

"बरोबर."

त्यांनी शर्ट लगेच खाली केला नाही. कॉलरपाशी पुन्हा हुंगला, मग आणखी एकदा, आणि डोळे मिटले.

"आणि बाबांची ट्रंक," त्या म्हणाल्या.